फॉल लावलेलं हिरवं पातळ

विंझरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची पडवी. मी यवतमाळकडची. इकडच्या पोरांना मुली मिळेनात, म्हणून लग्न करून आणलेली. अशा लांबून आलेल्या आम्ही बायकांनी मोबाईलवर एक ग्रुप केला होता. भोरवाली पापड करायची, नसरापूरच्या एकीची चहाची टपरी, आणि वेल्हेवाली तोरण्यावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. एकीनं दुसरीकडे गिऱ्हाईक धाडायचं. साधा दोरा कुठं मिळतो हेसुद्धा आम्ही ग्रुपवर विचारायचो.

एका सकाळी ग्रुपवर वेल्हेवालीच्या सासूचा आवाज आला. सुनेच्याच मोबाईलवरून बोलत होती.

"सून गेली माजी. तिचा भाऊ म्हंतो, उद्याबिगर पोचत न्हाई. हितल्या बाया म्हंत्यात, माहेरचं लुगडं आल्याबिगर उचलायची न्हाई. तुमच्यात तिचं कुणी हाय का?"

मला रडू आलं नाही, काही वाटलंच नाही. हातातली कात्री कापत राहिली. मग उठले, पेटीतलं हिरवं पातळ काढलं आणि मशीनवर बसून त्याला फॉल लावला. मयताच्या पातळाला फॉल! हाताला सवय, दुसरं काय.

वेल्ह्याला एसटीतून उतरले तर भोरवाली टेम्पोतून उतरत होती. तिच्या काखेत हिरवं पातळ. चहावालीच्याही. दोऱ्यासाठी ग्रुप डोक्यावर घेणाऱ्या आम्ही, पण या वेळी एकीनं दुसरीला विचारलं नव्हतं.

अंगणातली एक म्हातारी फिसकारली, "बाईला माहेर येकच असतंय. ह्यातलं खरं कंचं?"

कुणी मागं सरलं नाही. माझं खरं, असंही कुणी म्हणालं नाही. सासूनं एकेक पातळ उलगडलं. माझ्या पातळाच्या काठावरून तिचं बोट फिरत राहिलं.

"ह्याला फॉल लावलाय. लेकीला नेसाय दिल्यागत. हे नेसवा. बाकीची वरनं घाला, समदी माहेरचीच हायती."

निऱ्या मी घातल्या. चांगल्या बसल्या, एवढंच मनात आलं.

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही थांब्यावर बसलो होतो. भोरवाली एकदम म्हणाली, "ते पातळ म्या माज्यासाठी ठिवलं हुतं."

"म्या बी," चहावाली म्हणाली.

मी मान हलवली. माझ्या पेटीतही ते त्याचसाठी होतं. यवतमाळहून वेळेवर कोण पोचणार?

पुढच्या बाजारी आम्ही तिघी भोरला गेलो. हिरवी पातळं घेतली. दुकानदारानं विचारलं, घरात लग्न आहे का. आम्ही हो म्हणालो.

तिन्ही पातळांना मी फॉल लावून ठेवला.