शालनकाकू, नळ आणि कृष्णामाई

वाईच्या आमच्या भजनी मंडळात टाळ तासभर वाजतात आणि गप्पा चपला पायात घातल्या तरी चालूच! किस्से साठणारच. यंदाचे बहुतेक शालनकाकूंच्या पाण्याचे.

काकूंची सून मेघा सातव्या महिन्यात. आधीचं बाळ राहिलं नव्हतं, म्हणून मीही तिच्यासाठी सोमवार धरले होते. त्यात काकूंनी मोबाईलवर ऐकलं, की पाण्यातला पालापाचोळा आणि क्लोरीन मिळून काहीतरी घातक तयार होतं, पोटातल्या बाळालाही ते बरं नाही. झालं, नळ बंद!

"आजपास्नं सुनेला घाटावरचं पाणी!"

"आवं आत्या, तिथं म्हशी धुत्यात!" मेघा सासूला म्हणाली.

"धुवू देत. म्हशी काय क्लोरीन टाकत्यात व्हय?"

*

काकूंचा मुलगा फौजेत. त्याचा फोन आला. "आई, आमी हितं क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच पाणी पितो."

"म्हणूनच वाळलायस!"

*

मंडळाच्या माठात आम्ही तुळशीची पानं घालतो. मेघा येणार, पाणी आणखी शुद्ध हवं, म्हणून सुमनताईंनी वरून क्लोरीनचे थेंबही टाकले. मेघाला हसू आवरेना.

"ताई, पाला आन् क्लोरीन! आत्या ज्याला भित्यात, त्याचा तुमी कारखानाच काढला की!"

*

शेवटी मेघानं काकूंना मिरजेच्या डॉक्टरांपुढे बसवलं. ते शांतपणे म्हणाले, "आजी, त्या पदार्थांचा धोका आहे, पण थोडका, आणि तोही वर्षानुवर्षं पिऊन. घाटाच्या पाण्यानं मात्र दोन दिवसांत जुलाब लागतील. पोरीला नळाचंच द्या, उकळून."

काकू विचारात पडल्या. "उकळताना देवाचं नाव घेतलं तर चालंल?"

"चालेल की! फक्त नाव संपलं म्हणून गॅस बंद करू नका!"

*

मेघाला मुलगी झाली. दोघी ठणठणीत! काकूंनी कृष्णामाईची ओटी भरायचा नवस बोलला होता. मी सोबत गेले. खण, नारळ, तांदूळ, वर फुलांची परडी आणि विड्याची पानं. काकू पायरीवर उतरल्या, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, डोळे पुसले. आणि भरलेली ओटी तशीच घेऊन वर आल्या. घरी येऊन ती मेघाच्या पदरात घातली.

मी घाबरले. "काकू, अहो नवस! माईला वाहिली नाहीत?"

"फुलं-पानं कशाला सोडायची गं पाण्यात? खाली सांगलीला पण कुणाची तरी सून पोटुशी असंल की!"