आबांच्या जीपचे मागचे ब्रेक

खोलीतले तिघेही शुक्रवारी संध्याकाळीच आपापल्या घरी गेले. मी लादी पुसली, शेजारच्या मुलाकडून एक गादी मागून आणली आणि सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. आबा, म्हणजे माझे वडील, येणार होते. मी कॉलेजसाठी करंजाड्यात राहायला आल्यापासून ते इकडे एकदाही आले नव्हते.

आबा पोलादपूरकडे जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप चालवतात. डांबरी रस्ता संपतो तिथून वरच्या वाड्यांवर माणसं आणि सामान नेतात. वाटेत ओढा लागतो. त्याची वाळू मागच्या चाकांतल्या ब्रेकच्या लोखंडी ड्रममध्ये शिरते. या वेळी ब्रेक दाबला की घरघर यायची, गाडी डावीकडे ओढायची. फोनवर मी म्हटलं, इकडे आणा, पावण्याच्या एमआयडीसीत ड्रम कापून देणारे चांगले लेथवाले आहेत. लेथवाले घराजवळ महाडलाही आहेत. ते मी बोललो नाही, आणि तेही बोलले नाहीत.

"आज राहाल ना?" ते जीपमधून उतरल्यावर मी विचारलं.

"उद्या वरच्या वाडीत साखरपुडा हाय. काम उरकलं तर निघतो. नाय उरकलं तर राहीन."

आम्ही पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकने उचलली आणि दोन्ही ड्रम काढले. आतली धूळ आबा फुंकणार होते. मी ओलं फडकं पुढे केलं, तेव्हा त्यांनी निमूट पुसून घेतली. डाव्या ड्रमला नख अडकेल असे चरे पडले होते. ड्रमला आतून घासणारे लायनर झिजून पार पातळ झाले होते. मला मनातून बरं वाटलं. ड्रम कामातून गेला असता, तर नवा सोमवारशिवाय मिळाला नसता, आणि आबांना राहावं लागलं असतं.

मित्राच्या स्कूटरवर आम्ही पावण्याला गेलो. एक ड्रम माझ्या पायाशी, दुसरा गोणपाटात गुंडाळून आबांच्या मांडीवर. चरे एकाच ड्रमला होते, पण दोन्ही सारख्या मापाला कापले नाहीत तर गाडी पुन्हा एका बाजूला ओढते.

"काका, पोरगा इंजिनिअर आणि ओझं तुमच्या मांडीवर?" लेथवाला म्हणाला.

"अजून झाला नाय. झाला की उचलंल," आबा म्हणाले.

तडा गेलाय का पाहायला आबांनी डावा ड्रम दोरीला टांगला आणि पान्याने टिचकी मारली. आमच्याकडे बाजारात माठ घेताना वाजवून बघतात, तसाच कान तिरका करून ते ऐकत होते. तडा असला की येतो तसा बद्द आवाज यावा असं मला वाटत होतं. तो स्वच्छ आला, आणि बराच वेळ राहिला.

चरे निघेपर्यंत लेथवाल्याने तो ड्रम कापला, मग दुसराही त्याच मापाला. जास्तीत जास्त किती कापायचा ते माप ड्रमच्या कडेवरच कोरलेलं असतं; त्यापुढे गेला की ड्रम बाद. त्याने माप घ्यायचा व्हर्नियर माझ्या हातात दिला. "घे, तूच बघ." दोघं माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मी माप घेतलं, पुसून पुन्हा घेतलं.

"मापात आहे," मी म्हणालो. "चालेल."

परत येऊन आम्ही नवे लायनर लावलेले शू बसवले. मी स्प्रिंग सावकाश लावत होतो. आबा "हळू, हळू" म्हणत राहिले; त्यांनीही घाई केली नाही. ब्रेकमधली हवा काढली. मोकळ्या प्लॉटच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आले, तर गाडी सरळ थांबत होती.

"चार वाजलेत. चहा तरी घ्या वर येऊन."

"हात काळे हायत. तुझी लादी खराब होईल."

लादी पुसली होती हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

जीप नाक्यावरून वळेपर्यंत मी मागचे लाल दिवे बघत होतो. वळणावर आबांनी ब्रेक दाबला तेव्हा ते लागले. मग पार्किंगमधली काळी धूळ पुसून काढली, दगड बाजूला केले आणि गादी परत देऊन आलो.

रात्री त्यांचा फोन आला.

"पोचलो."

"ओढत नाही ना?"

"नाय. घाटात सुद्धा सरळ."

ब्रेक नीट होता. तरी मी फोन कानालाच धरला. त्यांनीही फोन ठेवला नाही. मागे आमच्या अंगणातला पंप चालू होता, तो मी ऐकत राहिलो.

"लायनर चार दिवस चालून नीट बसलं की परत टाईट करायला लागंल," शेवटी ते म्हणाले.

हे काम ते गेली कित्येक वर्षं एकट्याने करत आलेत.

"मी येतो," मी म्हणालो.

"ये," ते म्हणाले.