भाऊजींची पोलिसगाडीतली वरात

फोन आला तेव्हा मी मौद्याच्या बाजारात वांगी निवडत होते. भाची म्हणाली, "मावशी, बाबा गेले... जेवून आडवे झाले, ते उठलेच नाही." मला आधी रागच आला. साळीची, म्हणजे माझी, थट्टा केल्याशिवाय आमचे मनोहर भाऊजी कधी घराबाहेर पडले नव्हते, आणि हे असं न सांगता जाणं! आता महिना उलटून गेलाय. राग ओसरला, आणि आठवायला बसलं की हसूच येतं.

भाऊजी नागपुरात कूलर दुरुस्त करायचे. मार्च लागला की लोकांच्या गच्च्या, खिडक्या, झोपायच्या खोल्या, सगळीकडे त्यांचा वावर. शेजारच्या ढोकेकाकूंची सोन्याची चेन हरवली, तेव्हा आदल्या दिवशी घरात येऊन गेलेला बाहेरचा माणूस म्हणून त्यांचंच नाव पुढे आलं. भर दुपारी पोलिसांची गाडी आली. हवालदाराने सगळ्या लेआउटसमोर, म्हणजे अख्ख्या वस्तीदेखत, भाऊजींच्या कानाखाली वाजवली आणि कॉलर धरून त्यांना गाडीत कोंबलं. दोन दिवसांनी चेन काकूंच्याच गादीच्या खोळीत सापडली. ना गुन्हा, ना नोंद, ना माफी. "जा," म्हणाले, आणि ठाण्याच्या मागच्या दाराने सोडून दिलं. भाऊजी ऑटोने गुपचूप घरी आले... आणि त्या उन्हाळ्यात त्यांना कोणी घरात घेईना. लोक वाईट नव्हते हो. पण 'त्यांना पोलिसांनी नेलं होतं' एवढं वाक्य धंदा बसवायला पुरलं.

भाऊजींनी वर तक्रार केली. चौकशीत त्या हवालदाराची बदली झाली. मग वकील लावून भरपाईचा दावा टाकला, आणि त्यात वर्षं गेली. शेवटी सरकारी बाजू लोकअदालतीत तडजोडीला तयार झाली. रक्कम बरी होती, वकील खूश, ताई तर त्याहून खूश. आणि भाऊजी म्हणतात, "पैसे तं घेतोच जी. पन ज्या गाडीत नेलं, त्याच गाडीत घरी आनून सोडा. दिवसाढवळ्या."

ताईने कपाळाला हात लावला. "घ्या न् मोकळे व्हा ना! गाडी काहून पाहिजे तुमाले?"

"अवो, मले जातानी अख्ख्या लेआउटनं पाह्यलं. येतानी कोनीच नाही पाह्यलं. लोकायच्या हिशेबानं मी अजून तिथंच हावो."

असली अट कागदावर घालता येत नाही, असं वकिलाने पन्नासदा समजावलं. भाऊजी सहीच करेनात. शेवटी नव्याने आलेले ठाणेदार हसले आणि म्हणाले, "चला काका, मीच सोडतो तुम्हाला."

रविवारी सकाळी गाडी आली. पुढच्या सीटवर लग्नातला कोट घातलेले भाऊजी! त्यांना सायरनही हवा होता, तो काही ठाणेदारांनी दिला नाही. मग यांनीच खिडकीतून मान काढून हाका सुरू केल्या, "ओ ढोकेकाकू, या ना बाहेर! आलो मी!" फाटकाशी उभे राहून ठाणेदार सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "या माणसाने काही केलं नव्हतं. चूक आमची होती." तेवढ्यात ताई ताट घेऊन आली. तिने भाऊजींना ओवाळलं, आणि त्याच भरात ठाणेदारांनाही ओवाळून टाकलं. ते बिचारे अवघडून उभे. माझं हसून हसून पोट दुखायला लागलं.

"काय वं लता, काहून हासून राहिली?" भाऊजींनी विचारलं. डोळे भरले होते त्यांचे.

"तुमचा कोट मागून उसवला जी," मी म्हटलं. मलाही रडू येत होतं, ते लपवायला दुसरं काही सुचलं नाही.

गेल्या आठवड्यात ताईकडे गेले. दारामागे खिळ्यांवर शेजाऱ्यांच्या किल्ल्या लटकत होत्या. त्या रविवारनंतर हळूहळू ही रीतच पडली होती. उन्हाळ्यात गावी जाताना लोक किल्ली भाऊजींकडे ठेवून जायचे, आम्ही येऊ तेव्हा कूलर लावून ठेवा म्हणून. परत आल्यावरही ती तिथेच राहू द्यायचे. आता त्या परत करायच्या असं ताईने ठरवलं. मी सोबत निघाले. पहिलंच घर ढोकेकाकूंचं. काकूंनी किल्ली घेतली, पदराने पुसली, आणि परत ताईच्या मुठीत ठेवली.

"राहू दे वं तुमच्याच घरी."

"पन काकू, मले कूलर लावता नाही येत..."

"नसू दे," काकू म्हणाल्या.

बाकीच्या घरी आम्ही गेलोच नाही.