भाजलेल्या फ्लॉवरला फोडणी

फ्लॉवर भाजायचा तर तो आधी पुरता कोरडा लागतो. मिठाच्या पाण्यातून काढलेला एकेक तुरा मी सकाळपासून पंच्यावर पसरून ठेवला होता. दुपारी तेल, मीठ, मिरपूड चोळून ओव्हनमध्ये घातला. ट्रे बाहेर काढला तेव्हा तुऱ्यांच्या कडा तांबूस, कुरकुरीत झाल्या होत्या.

मी पानं घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात जेवायला आलेल्या माझ्या नणंदबाई स्वयंपाकघरात शिरल्या. परत येऊन बघते तर माझा फ्लॉवर कढईत मोहरी-हळदीने पिवळा झालेला, आणि वन्सं पाण्याचा हबका मारून वर झाकण ठेवताहेत.

"अगं, फोडणी द्यायची विसरलीस," त्या मायेने म्हणाल्या. "म्हटलं, भाजी वाचवू या."

माया होती म्हणून तर मला ओरडताही येईना. आपल्याकडे चर्र झाल्याशिवाय बाईने काही केलं असं कुणाला वाटतच नाही. पाणी निथळायची वाट बघणं, आच सांभाळणं, याचा कुठे आवाज होतो? मग ते काम कसलं?

जेवताना नवरा म्हणाला, "ताई, तुझ्या हाताला चव आहे."

मागाहून ट्रे घासायला घेतला, तर कोपऱ्यात एक तुरा चिकटून राहिला होता, कडेला काळसर, अजून कुरकुरीत. तो मी ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ला. चव बघायला कुणाला हाक मारली नाही.