पलीकडच्या इमारतीतले आवाज

माझ्या वहिनीला हॉस्पिटलात सगळे आवाजवाल्या बाई म्हणतात. घशाच्या कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. ज्यांची स्वरपेटी काढून टाकायची असते, त्यांना ऑपरेशनच्या आधी तिच्याकडे पाठवतात. तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागं, भिंतींना फोम लावलेली तिची बारकी खोली आहे. तिथं माणूस बसतो आणि आवाज शिल्लक आहे तोवर बोलून ठेवतो. कुणी नातवंडांना हाका मारतं, कुणी आयुष्यभर न दिलेल्या शिव्या देऊन घेतं. एक शिंपी दोन तास नुसती मापं सांगत बसला होता, दुसरं काय बोलावं ते त्याला सुचेना. वहिनी कुणाला घाई करत नाही. ‘पाणी प्या, पुन्हा म्हणा,’ एवढंच सांगते.

माझा थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, आमचा दादा, तोसुद्धा त्याच खुर्चीत बसला. बस-स्टँडवर गाड्या पुकारायचा तो, घशावरच पोट. मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. तिच्यासाठी तो तीन आठवडे रोज येऊन बोलला. गोष्टी सांगितल्या, लाडानं हाका मारल्या, खोटं खोटं रागावला, शाळेच्या पहिल्या दिवसाचं सांगितलं, लग्नाची घाई करू नकोस म्हणूनही सांगून ठेवलं. एकोणीस तास भरले. ‘सहा वर्षांची झाली की ऐकव, त्याआधी तिला कळायचं नाही,’ असं त्यानं वहिनीला बजावलं. वहिनीनं घरी प्रत आणली नाही. ‘घरात असलं ना भावोजी, तर मी कामधाम सोडून तेच ऐकत बसेन,’ म्हणाली. मला पटलं.

मी त्याच हॉस्पिटलात कॉम्प्युटर बघतो. आवाजाच्या फाइली अवाढव्य असतात. वहिनीच्या कॉम्प्युटरवरून त्या रस्त्यापलीकडच्या इमारतीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर जायच्या, म्हणजे दोन्हीकडे तंतोतंत सारखं राहावं. पण पद्धत जुनाट. दोन तासांच्या फाइलीतला एक खोकला कापला, तरी अख्खी फाइल पहिल्यापासून पुन्हा निघायची. सगळं पोचलं असं पडद्यावर आल्याशिवाय वहिनीनं खोली बंद करायची नाही, असा नियम. संध्याकाळचे सात वाजायचे. घरी दादा एकटा, पोरगी अंगावर आणि तोंडातून शब्द नाही. पोरगी एकदा जिन्यावरून पडली, तर हा शेजाऱ्यांना हाक मारू शकेना. भिंतीवर पातेलं आपटत राहिला बिचारा. दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या टेबलापाशी येऊन रडली. ‘भावोजी, मला लवकर सुटता येईल असं काहीतरी करा हो.’

केलं. मोठा शहाणा ना मी. असा प्रोग्राम बसवला की तो फाइलीचे तुकडे पाडतो, दोन्हीकडचे तुकडे ताडून बघतो आणि बदललेला तुकडा तेवढा पाठवतो. पूर्वी इथं खोडलेल्या फाइली तिकडून खोडल्या जायच्या त्या सगळ्यात शेवटी, संध्याकाळी. आता इथं जे होईल ते तिथं लगेच. पाच तासांचं काम अकरा मिनिटांवर आलं. खोडलेलं महिनाभर बाजूला जपून ठेवायची सोय त्यात होती, पण जागा फार खाते म्हणून मी ती बंद ठेवली. वहिनी साडेचारला घरी जायला लागली, पोरीची वेणी वेळेवर व्हायला लागली. मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो.

आता मला जे माहीत नव्हतं ते ऐका. विचारलं असतं तर कळलं असतं, पण विचारील तो मी कसला.

वहिनीचा कॉम्प्युटर वर्षातून दोनदा गच्च भरायचा. पलीकडच्या इमारतीतले स्टोअरकीपर, सगळे त्यांना मामा म्हणतात, जुनी रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर हलवून ठेवायचे. पण त्यांनी आधी हलवलं की जुना प्रोग्राम म्हणायचा, अरे, इथं काहीतरी कमी आहे, आणि वहिनीकडून सगळं आणून पुन्हा तिथंच ओतायचा. मामांच्या नाकी नऊ आले. मग दोघांनी आपली युक्ती काढली. सकाळी वहिनी आधी स्वतःकडचं जुनं खोडायची आणि फोन करायची, ‘मामा, काढलं हो.’ ते तिकडून जायला संध्याकाळ होणार, मग मामा चहा पिऊन, पेपर चाळून, निवांत ते उचलून ठेवायचे. चार वर्षं बिनबोभाट चाललं होतं. नव्या प्रोग्रामनं पाठवणं झटपट झालं एवढंच वहिनीला ठाऊक. खोडणंही तितकंच झटपट झालंय, हे मी सांगितलं नव्हतं.

दादाचं फोल्डर तिनं कधी हलवलं नव्हतं, ते तिच्यापाशीच असायचं. त्या मंगळवारी मात्र तेही घेतलं. ‘एवढी वर्षं आपलं माणूस म्हणून जागा अडवून ठेवली. आता पेशंटना कुठं ठेवू?’ असं तिनं मामांना फोनवर सांगितलं. तेवीस पेशंट आणि दादा, सगळं एका दमात खोडलं. मग बाहेर बसलेल्या बाईला आत घेऊन दोन तास तिचं रेकॉर्डिंग केलं.

दुपारी मामांचा फोन आला. ‘बाई, इथं काहीच नाही.’

‘नीट बघा मामा, चष्मा लावा.’

‘लावलाय हो.’

मी पोचलो तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, की आता मी आलो म्हणजे झालंच सगळं नीट. खोडलेल्या जागेवर नवीन रेकॉर्डिंग जाऊन बसलं होतं. पलीकडं तर दुसऱ्या विभागाचे फोटो दिवसभर येऊन पडत होते. परत मिळवायचे जेवढे प्रोग्राम असतात तेवढे चालवले, तीन दिवस. नावं परत आली. फाइल उघडली की नुसती खरखर. वहिनी शेजारी हेडफोन लावून बसायची आणि प्रत्येक खरखर शेवटपर्यंत ऐकायची. ‘मध्येच एखादा शब्द असला तर?’ म्हणायची. नव्हता.

मामा येऊन हुंदके देत होते, चहा प्यायलो नसतो तर म्हणून. त्यांना काय सांगू? पळत गेले असते तरी पोचले नसते. वहिनी मला एका शब्दानं बोलली नाही. ‘तुम्ही माझ्यासाठीच केलंत,’ म्हणाली. तिनं चार लोकांत माझ्या कानाखाली मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

दादाला मीच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग उठला आणि कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्या वेळी काय काय बोलायचं ते त्यानं आधी लिहून काढलं होतं. वर पेन्सिलीनं लिहिलं, ‘तू वाच. फोनवर आईलासुद्धा आपल्या आवाजातला फरक कळायचा नाही.’

मी वाचायला बसलो, त्याच खोलीत, त्याच खुर्चीत. काचेपलीकडं वहिनी. पहिलीच ओळ पोरीला मारलेली हाक होती. ती म्हटली, पुढची गोष्ट वाचली, आणि मान वर केली तर वहिनीनं कानावरचे हेडफोन काढून ठेवलेले.

‘बरं नाही झालं का? पुन्हा म्हणू?’

‘फार बरं झालं,’ ती म्हणाली. ‘म्हणूनच थांबा. मला त्यांचा आवाज आता थोडासाच आठवतो, भावोजी. तुमचा ऐकत गेले तर तेवढाही राहायचा नाही.’

मी कागद गोळा केले आणि उठलो. तेव्हापासून त्यांच्या घरी गेलो की मी तोंड उघडत नाही. काही सांगायचं असलं तर कागदावर लिहून पुढं करतो. दादाही लिहितो. पोरगी अजून अक्षरं जुळवायला शिकतेय, ती एकदा त्याच्याकडं बघते, एकदा माझ्याकडं.