चिंचेनं घासलेलं तांबं

धाडच्या बाजारात मी भांड्यावर नावं घालतो. छिन्नी ठेवली, हातोडी मारली, टकटक, झालं काम. नीळकंठ अन् मी शाळेत एका बाकावर बसलो. फुटकी घंटा सापडली तरी तुटलेल्या कडेले निरखत बसे तो. मी शाळा सोडली, तो नागपूरले कालेजात गेला. तरी दोस्त माहाच. गावात कोणालेबी विचारा.

अन् यंदा दिवाळीत तो उत्तमले घेऊन आला. कालेजातला सोबती म्हणे.

"काचेच्या नळीतली हवा ओढून काढायची," नीळकंठ मले सांगत होता. "थोडा वायू सोडायचा, वीज लावायची. वायूचे आयन होतात, ते तांब्यावर आदळतात. तुह्या छिन्नीवानी, सहदेव! काही अणू उडून जातात, काही जागा सोडून सरकतात. वरची चकाकी जाते, अन् भिंगाखाली आतले दाणे उघडे दिसतात."

मले लय बरं वाटलं. तेवढ्यात उत्तम म्हणते, "हे छिन्नीचं मले कवाच सांगितलं यानं."

जळलो मी. माही छिन्नीबी यालेच पहिले!

असा नळीत ठेवून काढलेला तांब्याचा तुकडा सोमवारी कालेजातल्या सरायले दाखवायचा होता. दोघायची वर्षाची मेहनत. नीळकंठनं भिंतीतल्या देवळीत ठेवला. सकाळी त्याची माय तानुबाई देव घासाले बसली. तिले काळपट तांबं दिसलं. चिंच लावली, राख लावली, आरशावानी करून देवापुढं मांडलं.

"काकू, काऊन घासलं? सारं गेलं ना!" उत्तम वरडला.

"मयलं होतं बाप्पा," माय घाबरून बोलली.

मी त्याची कालर धरली. "मायवर आवाज चढवतं काय बे?" खरं सांगू? मले निमित्तच पाहिजे होतं.

"सोड त्याले," नीळकंठ म्हणे. मग मायले म्हणे, "काही नाही मा, चांगलं निघालं." अन् तुकडा माह्या हातात देला. "मांगून कोपऱ्यात नाव घाल. ठोकून कडक झालं का नागपूरले तापवून नरम करतो, पुन्हा लावतो नळीत."

"तुहं ना?"

"दोघायचं. मेहनत त्याचीबी हाये."

'नीळकंठ' ठळक घातलं. 'उत्तम' इतकं बारीक घातलं का त्यानं डोळ्याजवळ नेऊन पाह्यलं. "अबे, हे मुंगीचं नाव हाये काय?"

"भिंग हाये ना तुह्यापाशी? वाच."

नीळकंठ खो खो हसला. म्हणे, "खाली 'घासू नये' असंबी घाल." ते मी मोठं घातलं.

हसताना त्याचा हात मात्र उत्तमच्या खांद्यावर होता.