पाळतीवरच्या जमादारांना मत हवं होतं

निजामाच्या राज्यात चार माणसं एकत्र बसायची तर सरकारची इजाजत लागायची, आणि इजाजतीसोबत पाळतीला एक जमादार यायचा. नळदुर्गला आमच्या ढाळजेत, दारालगतच्या बैठकीत, माझ्या सासऱ्यांच्या संघटनेची सभा भरे. कोपऱ्यात जमादार वहीत लिहीत बसत. दोन वर्षांत त्यांनी एकही सभा चुकवली नव्हती. आमच्या सभासदांबद्दल असं म्हणता आलं नसतं.

त्या साली संघटनेच्या अधिवेशनाला आमच्याकडून एकच प्रतिनिधी जायचा होता. उभे दोघं: माझे सासरे आणि गल्लीतले शिंपीकाका. मतं घ्यायची वेळ आली तसे जमादार म्हणाले, "मला बी मत द्यायचंय. तुमच्यापरीस जास्त सभा म्या ऐकल्यात."

"जमादारसाहेब, संघटना आमची," सासरे म्हणाले. "आत कुणाला घ्यायचं ते आमी ठरवणार. अर्ज भरा, सभासद व्हा."

"नोकरी जाईल की हो!"

"मग गुमान लिहा."

हात वर झाले. सात इकडं, सात तिकडं. त्यासरशी दोन्ही बाजूंना जमादारांबद्दल लई जिव्हाळा वाटायला लागला. एकानं पान पुढं केलं, दुसरा म्हणाला, "तसे ते आपलेच."

दाराआड मी ऐकत होते. मला रागच आला. सभासद वाढावेत म्हणून सासऱ्यांनीच माझा अर्ज भरून घेतला होता, पण मला मत विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पदर सावरून मी बाहेर आले.

"मी सभासद हाय. माझं मत राहिलंय."

सासरे खुलले. "घरातच मत होतं की! सांगा सूनबाई, कुणाला?"

"शिंपीकाकांना."

पहिले हसले ते जमादार. लगेच वहीत तोंड घालून लिहायला लागले.

सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "आमच्यात काय कमी होतं?"

"कमी काई न्हाय, मामंजी. तिथं बोलायला पाचच मिनिटं मिळणार. तुमचं कसं व्हायचं?"

त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "पाच मिनिटांत तर माझा नमस्कार बी होत न्हाय." आणि ठसका लागेपर्यंत हसले.

शिंपीकाका निघाले तेव्हा सासरे मोटारीपर्यंत गेले. काय बोलायचं ते त्यांना समजावत होते म्हणे. ड्रायव्हरनं तीनदा भोंगा वाजवला.